पहूरचा मुराळी

पहूरच्या मोनाली वारकेला लोकांना लाजवण्याची फार हौस. त्यासाठी लागणारा विषय तिला घरातच मिळाला होता: तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा भाऊ, कुंदन.

कुंदन चार वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर बघेना. अंगणात बसून पाण्याच्या नळीचं तोंड एकदा अंगठ्यानं बंद करायचं, एकदा उघडायचं, हा खेळ तो दोन-दोन तास खेळायचा. कुणी म्हणालं जीभ जड आहे, मध चाटवा. कुणी म्हणालं दृष्ट आहे. कुणी म्हणालं मामाच्या गावी ठेवा, पोरांत राहिला की आपोआप बोलेल. मामाच्या गावी ठेवला, तर आठव्या दिवशी मामी स्वतः त्याला परत आणून सोडून गेली आणि पाणीसुद्धा न घेता निघाली.

सहाव्या वर्षी जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं की याला ऑटिझम आहे, हा आजार नाही, पोराची घडणच वेगळी आहे, तो शिकेल पण त्याच्या रीतीनं. वडील चुडामण हे कापूस पिकवणारे सरळ गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग गोया किती दिवस द्यायच्या?" डॉक्टर म्हणाले, गोळ्या नाहीत. त्या दिवसापासून चुडामणचा त्या डॉक्टरवरचा विश्वास उडाला.

मध्यंतरी असल्याच एका मुलाचा कुठलासा सिनेमा टीव्हीवर येऊन गेला. त्यातला पोरगा शेवटी कशात तरी भलताच हुशार निघाला म्हणे. झालं, गावानं कुंदनची तपासणी सुरू केली. शाळेतल्या गुरुजींनी त्याला सतरा गुणिले तेवीस विचारलं. भजनी मंडळातल्या एकानं पेटी पुढ्यात ठेवली. चुलत्यानं रंगांची डबी आणली. कुंदननं गुरुजींना उत्तर दिलं नाही, पेटीच्या पट्ट्या सदऱ्यानं पुसून लख्ख केल्या आणि रंगाच्या कांड्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. गाव निराश झालं. पोरगं वेगळं असायला कुणाची हरकत नव्हती, पण मग त्यानं काहीतरी करून दाखवायला नको?

पाहुणे आले की आई मंगलाबाई कुंदनला मागच्या दारानं गोठ्यात नेऊन बसवायची. त्याच्या हातात नळीचा एक तुकडा द्यायची आणि पदर सारखा करून चहा ठेवायला यायची. मोनाली दहा वर्षांची असताना एकदा उठली, गोठ्यात गेली आणि कुंदनला हाताला धरून थेट बैठकीत घेऊन आली. "हा माझा भाऊ. याला ऑटिझम आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," असं ती म्हणाली. पाहुण्यांना काहीही विचारायचं नव्हतं. त्यांची बशी ओठापाशीच अडकली. मंगलाबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि मोनालीला आपल्यात काय ताकद आहे ते पहिल्यांदा कळलं.

मग तिनं ती ताकद वापरली. तालुक्याच्या निबंध स्पर्धेत 'माझा भाऊ' या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. वाचनाच्या आधी बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, "गोठ्यापाशी आलीस की जरा थांब." ती थांबली. समोरच्या बायकांचे पदर डोळ्यांना गेले. पुढच्या वर्षी जिल्ह्याला तोच निबंध गेला, तेव्हा गोठ्यात जरा अंधार वाढला होता. तिसऱ्या वर्षी गोठ्याला बाहेरून कडीही लागली. वारक्यांच्या खऱ्या गोठ्याला दारच नव्हतं.

आता तिनं भावासाठी काही केलं नाही, असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं आहे. कुंदनला वाचायला तिनंच शिकवलं, तेही एसटीच्या पाट्यांवरून, कारण पुस्तकाकडे तो बघेना आणि पाटीवरून त्याची नजर हटेना. सुट्टीत ती त्याला घेऊन पहूरच्या स्टँडवर बसायची, आणि जामनेर, जळगाव, बोदवड करत करत पोरगं अक्षरं जुळवू लागलं. बुटाची नाडी, सदऱ्याची बटणं, दात घासणं, सगळं तिचं. पोरं त्याला खडे मारायची तेव्हा तिनं एकाचं डोकंही फोडलं होतं. तिचा त्याच्यावर जीव होता. फक्त त्या जिवाला समोर चार माणसं बसलेली लागायची.

कॉलेजला ती जळगावला गेली. तिथं तिची भाषणं झाली, शिबिरं झाली. दरवर्षी दोन एप्रिलला, म्हणजे ऑटिझम दिनाला, तिच्या फोनवर निळ्या रंगाचा फोटो झळकायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, 'त्यांना लपवू नका, स्वीकारा.' तिच्या मैत्रिणी हात जोडल्याची चित्रं पाठवायच्या. कुंदनला फोटो काढून घेणं मुळीच आवडायचं नाही, म्हणून फोटोत बहुतेक वेळा ती एकटीच असायची.

लग्नाचं वय झालं तेव्हा पहिल्या दोन स्थळांना तिनं स्वतःच सगळं सांगितलं. पहिले पोहे अर्धे टाकून उठले. दुसऱ्यांनी पोहे संपवले, कौतुक केलं, "अशी मुलगी शोधून सापडायची नाही" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. तिसरं स्थळ यावलचं. केळीचं शेत, ठिबकच्या नळ्यांचं दुकान, आणि मुलगा समाधान. तो दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, आणि मुख्य म्हणजे मोनालीला मनापासून आवडलेला. मध्यस्थानं चुडामणला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पोराचं बोलू नका भाऊ. पोरीच्या पोटीबी तसंच होईन म्हनतीन."

समाधानची आई बेबाबाई पुढ्यात मांडी घालून बसली होती. बुटकी, सावळी बाई, बोलणं कमी आणि बघणं जास्त. तिनं विचारलं, "पोरीले भाऊ काय एकच हाये?"

"एकच," चुडामण म्हणाले, आणि घाम पुसला. "पुन्याले असतो. कंपनीत."

"कोन्त्या कंपनीत?"

चुडामणना कंपन्या माहीत होत्या त्या सगळ्या कापसाच्या बियाण्याच्या. ते मोनालीकडे बघत राहिले. आता पोरगी उठते, मागच्या दारानं जाते आणि त्याला हाताला धरून आणते, या भीतीनं मंगलाबाईनं स्वयंपाकघरात डोळे मिटून घेतले.

"गाड्यांचे पार्ट बनवतात तिथं," मोनाली म्हणाली. "सुट्टी फार कमी मिळते त्याला."

आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाला लाजवावंसं वाटलं नाही. आणि खोटं बोलायला लागल्यावर ते नीट बोलावं, ही तिची शिस्तही तिनं सोडली नाही. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापलं गेलं, 'कुंदन चुडामण वारके (पुणे)'. कंसातलं पुणे तिनंच घालायला लावलं होतं.

लग्नात नवरदेवाचा कान पिळायला बोहल्यावर चुलतभाऊ नवीन गेला. पुण्यावाल्याला ऐनवेळी सुट्टी नाकारली होती. पुण्यावाला त्या वेळी शेतात मोटारीच्या खोलीत बसून मोटारीचा आवाज ऐकत होता, सोबत सालानं ठेवलेला गडी, म्हणजे सालदार छगन, आणि पातेलंभर बुंदी होती. निघताना मोनाली खूप रडली. लोक म्हणाले, माहेरची फार माया.

यावलला तिचं छान जमलं. समाधान सालस निघाला. बेबाबाई कडक होती पण पंक्तिप्रपंच करणारी नव्हती. पुण्याच्या भावाबद्दल महिन्यातून एकदा विचारायची, "तुह्या भाऊची कंपनी त्याले झोपू तरी देते का वो?" आणि मोनाली हसून काहीतरी सांगायची. दोन एप्रिल आला तेव्हा तिनं निळा फोटो लावला. सासरचे तेवढे सोडून बाकी सगळ्यांना दिसेल अशी सोय फोनमध्ये असते. ती सोय तिनं केली, आणि 'त्यांना लपवू नका' हे वाक्य सासरच्या एकोणीस नंबरांपासून लपवून टाकलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात. लेक आपली आपण बस धरून जात नाही, तिला न्यायला माहेरचा भाऊ येतो. तो मुराळी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुराळी कोण आला, काय घेऊन आला, पाटावर कसा बसला, हे अख्खी गल्ली बघते आणि वर्षभर बोलते. मोनालीनं सांगून ठेवलं होतं की भावाला सुट्टी नाही, नवीन येईल. नवीनही तयार होता, सणाच्या आदल्या दिवशी येणार होता.

तिकडे पहूरला कुंदन गेले सहा महिने रोज संध्याकाळी आईला एकच विचारत होता, "मोनाली कव्हा येईन?"

"आखाजीले," मंगलाबाई सांगायची. "मुराळी आनाले गेला म्हंजे येईन."

"मुराळी कोन?"

"भाऊ असतो मुराळी."

एवढं बोलून ती भाकरीकडे वळायची. त्यात पुढं काही विचार करण्यासारखं आहे, असं तिला कधी वाटलं नाही. कुंदनला मात्र त्यात काही अवघड वाटलं नाही. भाऊ मुराळी असतो. मोनालीचा भाऊ कोण, हे त्याला ठाऊक होतं. सणाला तीन दिवस उरले तेव्हा तो पहाटे उठला, वडिलांची पांढरी टोपी घातली, कापडी पिशवीत लग्नाची पत्रिका ठेवली, कारण यावलचा पत्ता तीवर होता, आणि स्टँडवर जाऊन जळगावच्या गाडीत बसला.

मंगलाबाईचा फोन आला तेव्हा मोनाली गच्चीवर होती. सासूबाईंच्या मदतीला गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालणं चाललं होतं. मोनालीनं कोपरानं फोन कानाशी दाबला.

"कुंदन घरात नाही," आई रडत होती. "स्टँडवरचा रसवंतीवाला म्हने जयगावच्या गाडीत बसला. टोपी घालून. मुराळी चाललो म्हने."

मोनालीला आधी वाटलं, हरवला असेल. जळगावच्या स्टँडवर एवढ्या गर्दीत तो एकटा उभा आहे, हे डोळ्यांपुढं आलं. देवा, सुखरूप असू दे, असं ती खरोखरच मनात म्हणाली. त्यानंतर मिनिटभरातच दुसरा विचार आला. सुखरूप असला, तर तो इथं येईल.

हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त वेळ टिकला. सासूबाईंना बाजूला घ्यावं, सगळं सांगावं. नाहीतर स्टँडवर जाऊन त्याला तिथंच गाठावं, कुणाच्या तरी गाडीवर बसवून परत पाठवावं. पण हात चिकानं बरबटलेले, बायका भोवती, सोऱ्या तिच्याकडेच, आणि सोऱ्या फिरवता फिरवता ती काहीही ठरवू शकली नाही. सव्वानऊला बेबाबाई पाणी आणायला म्हणून खाली गेली. काही वेळानं चारपैकी दोन बायकाही गेल्या. मग खालून हाक आली, "मोनाली, खाली ये बरं."

दारात कुंदन उभा होता. टोपी कानांपर्यंत उतरलेली, पिशवी छातीशी धरलेली, नजर वर फिरत्या पंख्याकडे. सुखरूप होता. मोनालीला इतकं हायसं वाटलं की तिथंच रडू फुटलं असतं. पण समोरच्या ओट्यावर शेजारची मोठी काकू बसली होती. दोघी बायका जिन्यात उभ्या होत्या. सासूबाई तांब्या घेऊन बाजूला होती. काकूनं विचारलं, "हा कोन वो?"

चार माणसं समोर होती. दहा वर्षांची मोनाली काय म्हणाली असती, ते आपल्याला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षांची म्हणाली, "आमचा सालदार आहे. नवीन मागून येतोय, त्याला पुढं पाठवलाय."

"सालदार छगन," कुंदन पंख्याकडे बघत म्हणाला. घरच्या सालदाराचं नाव छगन, एवढंच तो सांगत होता.

"छगन नाव का याचं?" बेबाबाईनं विचारलं.

"हो," मोनाली म्हणाली.

कुंदननं मान खाली घेतली आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि खोट्याला उत्तर काय द्यायचं तेही येत नाही. तो पुन्हा पंख्याकडे बघू लागला.

"अस्सं," बेबाबाई म्हणाली. "सालदार. बस रे भाऊ, ओट्यावर बस. पानी पी." आणि तिनं तांब्या त्याच्या हातात दिला.

पुढचे तीन तास मोनाली जन्मभर विसरायची नाही. आईला तिनं 'पोचला' एवढा निरोप चोरून पाठवला. कुरडयांवर कावळे येत होते. बेबाबाईनं सालदाराला गच्चीवर नेऊन बसवलं आणि सांगितलं, "एकबी कावया बसू देजो नको." कुंदननं एकही बसू दिला नाही. उन्हात ताठ उभा राहून तो एकेका कावळ्याला नीट बघून हाकलत होता. खाली बायकांना चहा देताना सासूबाई एकेक विचारत होती.

"कितीक वर्सं झाले याले तुमच्याकडं?"

"लहानपणापासून आहे."

"मंग घरचाच म्हना."

"घरच्यासारखाच," मोनाली म्हणाली, आणि जीभ चावली.

"छगन म्हनून हाक मारली तं पाहत नाही. कानानं कमी हाये का?"

"जरासा."

"डोक्यानंबी कमीच दिसते," जिन्यातली एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मोनालीही हसली. तिला हसायचं नव्हतं, पण सगळ्या हसत असताना एकटीनं गप्प बसलं तर दिसतं. याच भावासाठी तिनं पहूरला एका पोराचं डोकं फोडलं होतं.

साडेदहाला ती कपड्यांची दोरी बघण्याचं निमित्त काढून गच्चीवर गेली. तिथं बेबाबाई होती. हातात छत्री उघडलेली, आणि ती सालदाराच्या डोक्यावर धरलेली. स्वतः बाई उन्हात उभी होती. मोनालीला बघून ती एवढंच म्हणाली, "ऊन लय हाये." मोनाली आल्या पावली खाली उतरली. सालदारावर छत्री धरणारी सासू तिनं आजवर पाहिली नव्हती, पण यावलची रीत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. माणूस घाबरला की त्याची अक्कल किती सहज सुट्टीवर जाते, याचा हा नमुना.

अकराला कुंदन खाली आला आणि म्हणाला, "भूक लागली." बेबाबाईनं ओट्यावरच ताट दिलं. खापरावरची पुरणाची पोळी आणि रस. कुंदननं ताट थोडं मागं सारलं. "रस वेगया," तो म्हणाला. त्याला एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही. बेबाबाई आत गेली, वाटी घेऊन आली, ताटही बदललं. तो जेवला, हात धुतले आणि पिशवी घेऊन पुन्हा ओट्यावर बसला.

आत बैठकीत, नवीन येतोय म्हटल्यावर, बेबाबाईनं मुराळ्यासाठी पाट मांडून ठेवला होता. भोवती रांगोळी, पुढं केळीचं पान. बाराला बेबाबाईनं ते पान वाढलं. पोळी, रस, भजी, कुरडई, सगळं. बायका भिंतीला टेकून बसल्या. नवीनचा पत्ता नव्हता. असणार कसा? तो दोन दिवसांनी येणार होता, आणि हे फक्त मोनालीला माहीत होतं. किंवा तसं तिला वाटत होतं.

"पानावर माशा बसून राह्यल्या," बेबाबाई म्हणाली. "तुहा नवीन काही येत नाही. आता कसं करू?"

मोनालीला एकदम वाट दिसली, आणि तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. "मग छगनलाच बसवू या का? नाहीतरी माहेरचाच माणूस आहे," ती म्हणाली. अशानं त्याला मानही मिळाला असता, आणि तिला काही बोलावंही लागलं नसतं.

"नाही माय," बेबाबाई म्हणाली. "सालदाराले कसं बसवता येईन? त्या पाटावर भाऊ लागतो."

बाहेर कुंदन पिशवीचा बंद एकदा बोटाला गुंडाळत होता, एकदा सोडत होता. मोनालीनं त्या पाटाकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. लाज वाटत होती, पण आता भावाची नव्हे. तिला तिचीच लाज वाटत होती.

"तो भाऊच आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "तो सालदार नाही. माझा भाऊ आहे. कुंदन. पुण्याला कुणी नाही. कधीच नव्हतं."

बेबाबाईनं पानावरची माशी पदरानं हाकलली.

"ठाऊक हाये," ती म्हणाली. "दारात आला तव्हाच सांगितलं त्यानं. चांगलं मोठ्यानं. मी कुंदन, मोनालीचा भाऊ, मुराळी आलो म्हने. साऱ्या गल्लीनं आयकलं, गच्चीवर तेवढं आलं नाही. पत्रिका काढून दाखवली. नावावर बोट ठेवलं अन् म्हने, हा मी. पुनं चुकलं हाये."

मोनालीनं भिंतीकडे पाहिलं. काकू, जिन्यातल्या दोघी, सगळ्या आपापल्या हातांकडे बघत होत्या. 'हा कोन वो' असं विचारणारी काकूसुद्धा.

"मग तुम्ही... बोलल्या का नाहीत?"

"मी कायले बोलू?" बेबाबाई म्हणाली. "भाऊ तुहा हाये."

मग ती दारात गेली आणि कुंदनला आत बोलावलं. "ये बाबा कुंदन, पाटावर बस." हाक मारल्याबरोबर कुंदननं वर पाहिलं. तो आत आला, पाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जेवलो." एकदा जेवलेला माणूस पुन्हा जेवत नाही, असं त्याचं म्हणणं. बेबाबाईनं दोनदा आग्रह केला, पण आग्रह म्हणजे काय हे कुंदनला कळत नाही. शेवटी तिनं त्याला नुसतं पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावायला हात पुढं केला, तर तो मागं सरकला, म्हणून तिनं कुंकवाची वाटीच त्याच्यापुढं धरली. त्यानं स्वतःच बोट बुडवून कपाळाला लावलं आणि उठला.

"वाढलेलं पान तसंच ठेवायचं नसते," बेबाबाई सुनेला म्हणाली. "बस तू. माहेरचीच हायेस."

आणि मोनालीला मुराळ्याच्या पाटावर बसून ते सगळं पान जेवावं लागलं. समोर बायका, बाजूला सासू, आणि सासू वरून पोळी वाढत होती. मोनालीला लोकांना लाजवायला नेहमी भाषण लागायचं. या बाईनं ते काम पोळी वाढून केलं.

दुपारी समाधान दुकानातून आला तेव्हा आईनं त्याला दारातच सगळं सांगितलं. तो कुंदनपाशी जाऊन उभा राहिला, काय बोलावं ते न कळून म्हणाला, "गाडी किती वाजता आहे?" "दीड," कुंदन म्हणाला. समाधाननं मोनालीची बॅग उचलली आणि दोघांना स्टँडवर सोडलं. मोनाली बसमध्ये चढत असताना तो तिला हळूच म्हणाला, "मला तरी सांगायचं."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागं जाऊ लागल्या. कुंदन खिडकीशी बसून येणारी प्रत्येक पाटी पुटपुटत होता. मग तो पाटी सोडून बोलला.

"तू मले छगन म्हनली."

"हो."

"मी कुंदन."

"हो रे. चुकलं माझं."

"परत नको म्हनू," एवढं सांगून तो पुन्हा पाट्यांकडे वळला. मोनालीला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. बघायला ओळखीचं कुणी नव्हतं, आणि हे रडणं आधीच्या सगळ्या रडण्यांपेक्षा बरंच कमी सुंदर होतं.

कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन त्यांच्यापाशी आला. मोनालीनं डोळे पुसले, ताठ बसली आणि पुढच्या चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझा भाऊ आहे. सख्खा भाऊ."

"बाई, मी नातं नाही विचारलं," कंडक्टर म्हणाला. "कुठं जायचं ते सांगा."

"जयगाव," कुंदन म्हणाला. "दोन. मी तिले घेऊन चाललो."